तेलकट हातांची फुगडी

रविवारी दुपारी तीन वाजले की हौसाबाईकडे कोणी काही मागायचं नाही. चहा नाही, पान नाही, चष्मा कुठे ठेवला हेसुद्धा विचारायचं नाही. तिचा नवरा दत्ताराम एकदा विसरून म्हणाला होता, "गो, माझो बनियन खंय?" त्याला उत्तर मिळालं, "अंगात बघा." आणि खरोखरच अंगात होता. तेव्हापासून तो पावणेतीनलाच आपलं सगळं जवळ घेऊन खुर्चीत बसायचा.

तीन वाजता टीव्हीवर 'पाऊल जुळलं' लागायचं. खरं म्हणजे ते लागायचं शनिवारी रात्री. पण सहा दिवस काजूच्या कारखान्यात बसून पाठीचा पार खुळखुळा झालेली त्रेसष्ट वर्षांची बाई शनिवारी जागणार कशी? म्हणून रविवारी दुपारी तेच पुन्हा दाखवायचे, ती ही फेरी. सिनेमा-मालिकांतले नट-नट्या, एखादा क्रिकेटवाला, एखादी बातम्या सांगणारी, आणि प्रत्येकाच्या जोडीला नाच शिकलेला एकेक जण. दोघांनी हात धरून विलायती नाच करायचे, वॉल्ट्झ, टँगो, चा-चा-चा. समोर तीन परीक्षक गुण द्यायला. आणि त्या तिघांचे गुण बरोबर की चूक हे ठरवायला वेंगुर्ल्याच्या बंदराजवळच्या एका कौलारू घरात, जमिनीवर पाय पसरून बसलेली हौसाबाई.

"ह्येचे पाय बघ गो," ती सुनेला, दिव्याला म्हणायची. "शेतात चिखलणीक उतारल्यासारखे उचलता." हा क्रिकेटवाल्याचा निकाल. मग लाल झग्यातली एक नायिका यायची. जोडीदार तिला उचलायचा, फिरवायचा, खांद्यावर टाकायचा, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. हौसाबाई खवळायची. "ही नाचता खंय? तो तिका घेवन फिरता. उद्या मी गळ्यात सुक्या बांगड्यांची माळ घालून गरगर फिरलंय, तर बांगडे नाचले म्हणशात?"

"पण दिसता बरी," दत्ताराम म्हणायचा.

"तुमी दिसण्याक गुण देवा. मी पायांक देतंय."

टँगो सुरू झाला की तो हमखास विचारायचा, "ह्ये भांडतत काय गो?" आणि ती म्हणायची, "भांडताना इतके जवळ कोण येता? तुमी कधी इलास?" दिव्या पदरात तोंड घालून हसायची. लाल चष्मेवाला एक परीक्षक होता, त्याच्यावर तर हौसाबाईचा दात होता. त्याने तोंड उघडलं की ती आधीच म्हणून ठेवायची, "शिरा पडली ह्येच्या तोंडार. ह्येना जन्मात कोणाचो हात धरलेलो दिसत नाय आणि गुण देवक बसलो."

तिचा जीव होता इंदुमती देवचकेवर. ही एकसष्ट वर्षांची नटी. मालिकांमधून सगळ्यांची आई होऊन होऊन केस पिकलेले, तेही न रंगवता नाचायला उतरलेली. तिचा जोडीदार रोहन नावाचा पंचविशीतला पोरगा. बाई दर आठवड्याला सुंदर नाचायची, आणि दर आठवड्याला तो लाल चष्मेवाला मान वाकडी करून म्हणायचा, "वयाच्या मानानं फारच छान."

"वयाच्या मानान म्हणजे काय रे मेल्या?" हौसाबाई टीव्हीला विचारायची. "गुण काय रेशनकार्ड बघून देतस?"

हे शब्द तिला का झोंबायचे ते वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलून कोणी दाखवत नव्हतं.

हौसाबाई माहेरची नांदगावकडची, भाताच्या आणि काजूच्या मुलखातली. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन बंदरावर आली. खलाशाचं घर, माशांचा वास, खारा वारा, आणि दरवाजात उभ्या राहून हसणाऱ्या नणंदा. पहिल्या गौरीला या नणंदांनी तिला फुगडीत ओढलं. वरच्या गावातली पोर, दोन गिरक्यांत आडवी पडेल आणि वर्षभर चिडवायला विषय होईल, असा त्यांचा बेत. झालं भलतंच. मोठ्या नणंदेने तिसऱ्या मिनिटाला "सोड गो माझे आये" म्हणून गयावया केली. तेव्हापासून चाळीसएक वर्षं वाडीच्या महिला मंडळाची शेवटची फुगडी हौसाबाईची. गोलातली गाणी होऊ देत, बसफुगडी होऊ देत, कोंबडा होऊ दे, सगळं झालं की बायका बाजूला सरायच्या, आणि मधे दोघीच राहायच्या, हौसाबाई आणि तिची जोडीदारीण.

ही दोघींची फुगडी दिसायला सोपी. हातांची फुली करायची, एकीच्या वाकवलेल्या बोटांत दुसरीने आपली बोटं आकड्यासारखी अडकवायची, पाय मधे जुळवायचे, मागे कलायचं आणि फिरायचं. मेख एकच. आपलं सगळं वजन समोरचीच्या हातात द्यायचं. अर्धं दिलं, राखून ठेवलं, की संपलं. गेली तीन वर्षं तिने जोडीला दिव्याला घेतलं होतं. मुलाचं, मंगेशचं लग्न होऊन दिव्या घरात आली, मंगेश गोव्याला हॉटेलात नोकरीला गेला, आणि सासू-सुनेची जोडी फुगडीला लागली. लोक कौतुकाने बघायचे.

आणि मग गेल्या वर्षीची सावंतवाडीची स्पर्धा. त्या दिवशी कारखान्यात पूर्ण रजा मिळाली नाही. काजू फोडताना टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बायका बोटांना खोबरेल चोपडून बसतात. हौसाबाई अशीच अर्धा दिवस काजू फोडून, राखेने आणि साबणाने हात खसाखसा धुऊन एसटीत चढली होती. शेवटची फुगडी रंगात आली, सभागृह टाळ्यांनी दणाणलं, आणि दिव्या भिरकावल्यासारखी जाऊन पडली. डावं मनगट मोडलं. मंडळाला बक्षीस सोडा, उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "काजूवाली ती. तेलाचे हात घेवन इली." बस्स. दवाखान्यात पोचेपर्यंत ते सगळ्यांच्या तोंडी झालं होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे ते हौसाबाईलाही पटलं. इतरांच्या बोलण्याला ती कधी भीक घालणारी नव्हे, पण स्वतःच्या हाताची खात्री गेली. सुनेचं मनगट आपण मोडलं. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी कारखान्यातून येऊन मोरीवर राखेची करवंटी घेऊन बसायची आणि कातडी लाल होईपर्यंत बोटं घासायची. यंदा श्रावणात मंडळाची अध्यक्ष सुगंधा यादी घेऊन आली. दहा जणींची नावं, दहा सारख्या साड्या. त्यांत दिव्याचं नाव होतं, हौसाबाईचं नव्हतं. "हौसावयनी, तुमी माईकवर गाणी सांगा. वयाच्या मानान ताच बरा," सुगंधा म्हणाली. आणि ही बाई, जी लाल चष्मेवाल्याला टीव्हीत शिरून झोडायला निघायची, ती खाली मान घालून "बरा" म्हणाली. दिव्या चुलीपाशी उभी होती. तिने भाजी ढवळायचं सोडलं नाही.

त्या रविवारी इंदुमतीबाईंचा वॉल्ट्झ होता.

निळा झगा, पिकल्या केसांचा अंबाडा. हौसाबाई पुढे सरकून बसली. शेवटी दोघांनी एकमेकांचे हात धरून मागे कलत जोरात गिरकी घ्यायची होती. "बघ, बघ, आमचीच फुगडी ती," हौसाबाई म्हणाली. "फक्त चपला घालून." गिरकीचा वेग वाढला, आणि इंदुमतीबाई धाडकन पडल्या. बाई उठल्या, हसल्या, नमस्कार केला. लाल चष्मेवाला मान वाकडी करून म्हणाला, "वयाच्या मानानं हे धाडस मोठं होतं, पण हाताची पकड राहिली नाही." मग तोच प्रसंग संथ करून पुन्हा दाखवला.

"थांबव!" हौसाबाई ओरडली.

"टीव्ही थांबना नाय आई," दिव्या म्हणाली.

"मगे मोबाईलार काढ. तुमच्या मोबाईलार सगळा असता."

दिव्याने काढलं. मोबाईल हातभर लांब धरून हौसाबाईने ते चारदा पाहिलं. पाचव्यांदा तिने दत्तारामचा चष्मा त्याच्या नाकावरून काढून आपल्या नाकावर ठेवला.

"तिचो हात सुटाक नाय," ती म्हणाली. "तेणा सोडल्यान."

"कोणी?" दत्ताराम.

"ह्या पोरान. बोटां बघा तेची. हात सुटता तेव्हा सरकत जाता. आधी तळवो, मगे बोटां, मगे टोकां. शेवटच्या टोकापर्यंत माणूस धरूक बघता. हयसर तसा काय नाय. ह्येना बोटां सरळ केल्यान आणि मोकळो झालो. वेगाक भियालो मेलो. आणि नाव कोणाचा? म्हातारीचा!"

तिला चांगलाच जोर चढला होता. मोबाईल आपटणार एवढ्यात ती थांबली. तिने आपले दोन्ही हात समोर धरले, फुली करून, बोटं वाकवून, जशी फुगडीत धरतात तशी. बघत राहिली. सावंतवाडीचा तो क्षण तिने वर्षभर हजारदा आठवला होता, पण आठवायचं ते दिव्याचं पडणं, तिची किंकाळी, ते लोंबणारं मनगट. हाताचं काय झालं ते तिने एकदाही आठवलं नव्हतं. आता आठवलं. काहीही सरकलं नव्हतं. तळव्यावरून नाही, बोटांवरून नाही. भरलेला हात एका झटक्यात रिकामा झाला होता.

तिने मान वळवली. दिव्या उजव्या हाताने डावं मनगट धरून बसली होती.

"दिव्या," ती म्हणाली. "तू सोडलंस."

दिव्याच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं.

"मी काय विचारतंय?"

"भियालंय आई," दिव्या हुंदक्यात म्हणाली. "तुमी खूप जोरात फिरी होतास. माका वाटला आता दोघींय जातलंव. मी उभी रवाक बघलंय, आणि बोटां सुटली... सोडलंय. मीच सोडलंय. दवाखान्यात सगळे तेल, तेल करूक लागले. मी गप रवलंय. मगे उद्या सांगतंय, उद्या सांगतंय म्हणताना—"

"वरीस झाला!" हौसाबाईचा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला. "वरीसभर मी राखेन हात सोलून काढतंय. तू रोज बघी होतंस. माका पाणी ओतूक येय होतंस! ती सुगंधा माका माईकार बसवता, आणि तू भाजी ढवळतंस?"

दत्ताराम खुर्चीतून उठला आणि परत बसला. हौसाबाई तरातरा मोरीकडे गेली, राखेची करवंटी उचलली आणि माडाच्या मुळात भिरकावली. मग तिथेच धुण्याच्या दगडावर बसली आणि खूप वेळ रडली. राग होताच, पण त्याहून मोठं काहीतरी छातीवरून उतरत होतं. आपला हात खोटा नव्हता. चाळीस वर्षं ज्याच्यावर विसंबलो तो हात शाबूत होता. घरात टीव्ही चालूच राहिला होता. इंदुमती देवचके स्पर्धेतून बाद झाल्या, हे तिला मोरीवर ऐकू आलं.

दोन दिवस तिने दिव्याशी अबोला धरला. ताट वाढून समोर सरकवायची, एवढंच. मंगळवारी रात्री दिव्याच तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, मी सुगंधाकाकीक जाऊन सगळा सांगतंय."

"काय सांगतलंस? सून सासूची बाजू घेता म्हणतली ती. तोंडान सांगलेला कोण आयकता?" हौसाबाईने तिच्या मनगटाकडे पाहिलं. "दुखता?"

"नाय आता. डॉक्टरान सांगल्यान, सगळा काम कर."

"मगे उद्या सरावाक मी येतंय. सांगूचा ता थय सांग. आधी नको."

बुधवारी पाच वाजता देवळाच्या सभामंडपात सराव होता. दहाजणी गोलात, सुगंधा वही घेऊन बाजूला. हौसाबाई कारखान्यातून तडक आली, हात न धुता. येऊन मधोमध उभी राहिली.

"हौसावयनी, माईक आज नाय आणूक," सुगंधा म्हणाली. "गाणी अशीच सांगा."

"गाणी सांगूक मी येवक नाय." तिने पिशवीतून खोबरेलाची बाटली काढली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दोन्ही तळव्यांवर ओतली. बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत चोळली. हात चकाकायला लागले. "गेल्या वर्षी तेलान हात सुटलो म्हणता ना तुमी? आता बघा. ह्या तेल. ह्ये हात. कोण येता?"

बायका दोन पावलं मागे सरल्या. सुगंधा वही टाकून पुढे आली. "पडशात वयनी! ह्या वयात हाड मोडला तर जुळाचा नाय. माका ही जबाबदारी नको."

"तुझ्यार कोण पडता? तू बाजूक हो. थय टीव्हीर त्या इंदुमतीक वयाच्या नावान काढल्यानी, ती नमस्कार करून घराक गेली. मी जावची नाय. माका काढूचा तर आधी माझो हात सोडवून दाखवा."

दिव्या गोलातून बाहेर आली. चेहरा पांढराफटक. सासूसमोर उभी राहून तिने हातांची फुली केली, तशी चारचौघी एकदम ओरडल्या, "गो नको गो, तुझा मनगट!" तिने ऐकलं नाही. हौसाबाईच्या निसरड्या, काजूच्या तेलाने काळ्या पडलेल्या बोटांत तिने आपली बोटं वाकवून अडकवली. पाय जुळले.

आधी सावकाश. मंडपाचे खांब एकेक करून समोरून जायला लागले. मग जोर. हौसाबाई मागे कलली, पदर कमरेला घट्ट खोचलेला, तोंडातून फुगडीची फुंकर, फू, फू. बायका आपसूक टाळ्या द्यायला लागल्या. खांब एकमेकांत मिसळले. आणि मग तिला कळलं. दिव्याची बोटं सैल होतायत. तीच भीती, तोच वेग. पोर पुन्हा सरळ उभी राहायला बघत होती.

आता थांबलं तर थांबता येत होतं. थांबलं तर आयुष्यभर तेलाचीच गोष्ट खरी ठरणार होती, आणि दिव्या पुन्हा कुणाचाच हात धरणार नव्हती.

"वजन दी," ती म्हणाली. "सगळा दी माका. मी आसंय."

एक गिरकी गेली. दुसरी गेली. मग दिव्याने डोळे मिटले आणि स्वतःला मागे टाकलं. तिची बोटं आकड्यासारखी आवळली गेली, इतकी की हौसाबाईला हाडापर्यंत कळ गेली. त्या कळीचा तिला इतका आनंद झाला की ती मोठ्याने हसली. मग काय विचारता! दोघी अशा फिरल्या की मंडपातल्या घंटेखाली झोपलेलं कुत्रं उठून पळालं. टाळ्या देता देता बायकांचे हात दुखले, पण या दोघी थांबेनात. थांबल्या त्या दिव्याने "आई, पुरे" म्हटल्यावर, हळूहळू, पायांनी वेग मोडत, आणि हात शेवटपर्यंत अडकलेले.

दिव्या धापा टाकत सुगंधाकडे वळली. "गेल्या वर्षी आईचो हात सुटाक नाय. मी भियालंय आणि मी सोडलंय. वरीसभर मी गप रवलंय."

हौसाबाईने आपले हात उताणे करून सुगंधासमोर धरले. तेलाने माखलेल्या बोटांवर दिव्याच्या बोटांचे आठ लाल वळ उमटले होते. सुगंधाने ते पाहिले, दिव्याकडे पाहिलं, वही उचलली आणि यादीत अकरावं नाव लिहिलं. लिहिताना तिची मान खाली होती.

"साडी अकरावी आणूक लागतली," ती पुटपुटली. मग काहीतरी आठवून तिने वर पाहिलं. "पण वयनी, मगे माईकवर गाणी कोण सांगतला?"

हौसाबाई पदराला हात पुसत होती. "तू सांग," ती म्हणाली. "वयाच्या मानान आवाज बरो आसा तुझो."